मधोमध बसलेलं वेगळं मत

अंध आणि अल्पदृष्टी श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारा आमचा गट आहे. 61 जण, सगळे स्वयंसेवक, सगळं काम ऑनलाइन. कुणी वाचतं, कुणी आवाज साफ करतं, कुणी तपासून वर चढवतं. यातल्या निम्म्या लोकांना मी कधी पाहिलेलं नाही, आवाज मात्र सगळ्यांचे ओळखतो. मी स्वतः वाचत नाही (माझा ‘ष’ ऐकून पहिल्याच आठवड्यात मला तांत्रिक कामाला जुंपलं). त्यामुळे सर्व्हर, तक्ते आणि हिशेब माझ्याकडे.

आम्ही प्रत्येक पुस्तक दोन प्रकारे देत होतो. एक म्हणजे उतरवून घेता येणारी फाइल आणि दुसरं म्हणजे आमच्या ॲपवर थेट ऐकण्याची सोय. फाइलसाठी डेझी या बोलत्या पुस्तकांच्या प्रमाण पद्धतीने प्रकरणांच्या आणि पानांच्या खुणा घालायच्या, म्हणजे श्रोत्याला थेट हव्या त्या पानावर जाता येतं. ॲपसाठी तेच काम वेगळ्या साच्यात पुन्हा. चूक सापडली की दोन ठिकाणी दुरुस्ती, आणि लोकांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती तशाच चुकीच्या. लोक थकले होते. प्रस्ताव आला की फाइल देणं बंद करू, सगळं ॲपवर आणू.

चर्चा 19 दिवस चालली. दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं होतं की दुप्पट काम थांबवा आणि तो वेळ नवीन पुस्तकांना द्या. दुसरी बाजू म्हणत होती की सगळ्यांकडे कायम इंटरनेट नसतं, ॲप अडखळलं की श्रोता अडला. बाराव्या दिवशी कुणीतरी सुचवलं, ॲपमध्येच पुस्तक साठवून ठेवायची सोय करू. एकदा उतरवलं की इंटरनेट नसतानाही ऐकता येईल. दोन्ही तटांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘मग ठरलं तर?’ या मेसेजवर धडाधड अंगठे पडले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. 61 पैकी बोलणारे 14 होते. उरलेल्या 47 जणांचं काय मत आहे, हे त्या अंगठ्यांवरून कळत नव्हतं. अंगठ्यांवर माझा फारसा भरवसा नाही, त्यालाही कारण आहे. मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांनी 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर नव्या प्रतिक्रियांपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता, पडल्या पडल्या एक फुकटचं अनुकूल मत देऊन टाकलं. अशा प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी 25 टक्के जास्त निघाले. पहिला अंगठा कुणाचा पडतो यावर पुढचे अंगठे ठरत असतील, तर आमचं ‘ठरलं’ म्हणजे नेमकं काय ठरलं?

म्हणून निर्णय चार दिवस लांबवून घेतला आणि मतदान ठेवलं, पण ‘हो की नाही’ अशा एका प्रश्नावर नाही. चर्चेतले मुद्दे फोडून 24 छोटी विधानं केली. प्रत्येक विधानाखाली ‘सहमत’, ‘असहमत’ आणि ‘मत नाही’ अशी तीन बटणं. उत्तर द्यायची, वाद घालायची सोय नाही. गटाला नावं दिसणार नाहीत, आणि मीही फक्त क्रमांक बघणार, असा शब्द दिला.

कल्पना माझी नव्हे. सिएटलमध्ये तयार झालेलं पोलिस नावाचं एक मुक्त साधन याच तत्त्वावर चालतं. (नावाला घाबरू नये, खात्याशी संबंध नाही.) तैवानमध्ये 2015 साली उबरबद्दलचे नियम ठरवताना ते वापरलं गेलं आणि तिथून त्याचं नाव झालं. त्याचं गणित थोडक्यात असं. सहमत म्हणजे अधिक एक, असहमत म्हणजे उणे एक, मत नाही म्हणजे शून्य. माणसांच्या ओळी आणि विधानांचे स्तंभ असा तक्ता मांडायचा. लोक सर्वांत जास्त कशावरून विभागले गेलेत त्या दोन दिशा काढायच्या आणि प्रत्येक माणसाला त्या नकाशावर एक ठिपका द्यायचा. सारखं मत देणारे ठिपके जवळ येतात, पुंजके दिसतात. मी हेच घरगुती पातळीवर केलं.

38 जणांनी मत दिलं. नकाशा अपेक्षेप्रमाणे आला. डावीकडे एक पुंजका, उजवीकडे एक, मध्ये विरळ वस्ती, आणि काही ठिपके पार कडेला.

कडेचे ठिपके म्हणजे वेगळी मतं, असं मी धरून चाललो. पुंजक्यापासूनचं अंतर मोजायला महालनोबिस अंतर वापरलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1936 मध्ये मांडलेल्या या मापात नुसतं किती दूर एवढंच पाहत नाहीत, त्या दिशेला लोक एरवी किती पसरलेले असतात तेही जमेस धरतात. ज्या प्रश्नावर सगळेच विखुरलेले असतात तिथे थोडं दूर असणं विशेष नसतं. जिथे सगळे एकत्र असतात तिथे तेवढंच अंतर डोळ्यात भरतं. पण हे माप 24 विधानांवर थेट लावता येत नाही. 38 माणसांवरून एवढ्या विधानांचे परस्परसंबंध भरवशाने काढताच येत नाहीत. म्हणून आधी दोन दिशा, मग अंतर.

यादीत तीन क्रमांक आले: 7, 22 आणि 31.

7 क्रमांकाने चोवीसच्या चोवीस विधानांवर ‘सहमत’ दिलं होतं. त्यात ‘फाइल बंद करावी’ आणि ‘फाइल कधीच बंद करू नये’ ही दोन्ही आली. विषय संपला.

31 क्रमांकाचं मत खरोखर वेगळं होतं. ॲप नको, फाइलही नको, फोन लावून ऐकायची सोय करा. हे कोण, ते क्रमांक न बघताही सगळ्यांनी ओळखलं असतं. आमच्यातले एक काका प्रत्येक चर्चेत हेच म्हणतात, विषय मुखपृष्ठाचा असला तरी. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण गटाला तो पाठ आहे. इथे मला पहिल्यांदा जाणवलं की मला ‘वेगळं’ मत नको होतं, ‘न ऐकलेलं’ मत हवं होतं. अंतर मोजून पहिलं सापडतं. दुसरं सापडेलच असं नाही.

22 क्रमांकाने मला दोन दिवस झोपू दिलं नाही. जिथे दोन्ही पुंजक्यांचं एकमत, तिथे नेमकी उलट मतं. सगळ्यांना मान्य असलेल्या ‘ध्वनिमुद्रण स्पष्ट असावं’ या विधानालाही विरोध! मी मनात मोठमोठे अर्थ लावले. कुणीतरी मुळातूनच वेगळा विचार करतोय, बंडखोर आहे, याच्याकडून काहीतरी शिकायला मिळणार. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. आमच्यातले चौघे स्वतः अंध आहेत, त्यांतल्या एकांचा.

‘तुझ्या त्या मतदानाच्या पानावर तीन बटणं आहेत ना?’

‘हो, सर.’

‘माझा स्क्रीन रीडर तिन्हींना नुसतं “बटण” म्हणतो. बटण, बटण, बटण. मी अंदाजाने दाबली. पहिलं नाही, दुसरं हो. बरोबर ना?’

उलट होतं. बटणांवर मी रंगीत चित्रं टाकली होती आणि त्यांना वाचता येणारी नावं द्यायला विसरलो होतो. अंधांसाठी काम करणारा गट, आणि त्याचं मतदानाचं पान असं. बाकी तिघांनी याच अंदाजाने, पण बरोबर क्रमाने बटणं दाबली होती, म्हणून काही कळलं नव्हतं. मी माफी मागितली, नावं घातली आणि चौघांनाही पुन्हा मत द्यायची विनंती केली.

तीन क्रमांक संपले. एक बेफिकिरी, एक जुनी कॅसेट, एक माझी चूक. हाती काहीच नाही.

मग मजकुराकडे वळलो. चर्चेतले सगळे मेसेज एका भाषिक मॉडेलमधून काढले. त्यात प्रत्येक मेसेजचे आकडे होतात, आणि अर्थाने जवळचे मेसेज आकड्यांतही जवळ येतात. मग आजूबाजूला शेजारी नसलेले मेसेज निवडायचे. ‘स्थानिक विरळता’ बघणारी एक पद्धत 2000 सालापासून वापरात आहे, तीच लावली. सर्वांत वेगळे म्हणून काय निघालं? एक वाढदिवसाची शुभेच्छा, एक चुकून आलेला बिलाचा फोटो, आणि ‘माईक चालू राहिलाय कुणाचातरी’. ही मतं नव्हतीच. शब्द वेगळे असले म्हणजे विचार वेगळा असतो असं नाही, आणि याचं उलटही खरं आहे, जे मला थोड्याच वेळात कळणार होतं.

मधल्या काळात एका अनुभवी ताईंनी सुचवलं, मुद्दाम एकाला विरोध करायला बसवू. बसवलं. त्याने दुसऱ्या तटाचेच मुद्दे जास्त जोरात मांडले. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं आहे की सोंग घेऊन केलेला विरोध खऱ्या विरोधाइतकं विचाराला चालना देत नाही. आमचं उदाहरण त्यांच्या कामाला जोडायला हरकत नाही.

मी हार मानली होती. गटाला दाखवण्यासाठी तक्त्याचं एक चित्र करत होतो. सहमत हिरवं, असहमत लाल, मत नाही करडं. चित्र नीट दिसावं म्हणून ओळी आणि स्तंभ दोन्ही मुख्य दिशेप्रमाणे लावून घेतले. सारखी विधानं शेजारी आली. वर हिरवा पट्टा, खाली लाल, आणि अगदी मधल्या ओळीत एक सलग करडी रेघ. सहा घरं, एकापुढे एक.

इतरांच्या ओळींतही करडी घरं होती, पण विखुरलेली, कुठे दोन, कुठे तीन. इथे सहा आणि सलग. ती सहाही विधानं ॲपमधल्या साठवणीबद्दल होती, म्हणजे ज्या तोडग्यावर चर्चेत धडाधड अंगठे पडले होते त्याबद्दल. उरलेल्या 18 विधानांवर या व्यक्तीने एकदाही ‘मत नाही’ दाबलं नव्हतं. हा कंटाळा नव्हता.

नकाशावर ही व्यक्ती कुठे होती? बरोब्बर मध्यावर. का, तेही उघड आहे. मुख्य दिशा त्या सहा विधानांवरूनच ठरली होती आणि तिथे हिची बेरीज शून्य. मी तिला दोन्ही बाजू समजून घेणारी, समंजस, मवाळ सदस्य समजून पुढे गेलो होतो. मी कडेकडेने शोधत फिरलो आणि जे हवं होतं ते मधोमध बसलं होतं. शून्याला गणितात दोन अर्थ नसतात, माणसाच्या बाबतीत असतात. ‘मला दोन्ही सारखंच’ याचाही शून्य आणि ‘तुमच्या प्रश्नात माझं उत्तर बसत नाही’ याचाही शून्य.

क्रमांकामागचं नाव मला दोन मिनिटांत काढता आलं असतं. शब्द दिला होता, म्हणून काढलं नाही. मत दिलेल्या सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: ‘काही विधानांवर तुम्ही “मत नाही” दिलं असेल आणि त्याचं कारण सांगावंसं वाटत असेल, तर मला एकट्याला कळवा. विधानाची शब्दरचना खटकली असेल तर तेही सांगा.’

चार उत्तरं आली. दोघांना कंटाळा आला होता. एकाला विधान कळलं नव्हतं. चौथं उत्तर म्हणजे तपासणीचं काम करणाऱ्या एका ताईंचा चार मिनिटांचा आवाजी मेसेज. त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा देतो, त्यांची परवानगी आहे.

‘अरे, तुझी वाक्यं चुकीची नाहीत. पण प्रत्येक वाक्यात ऐकणारा आणि पुस्तक उतरवून घेणारा एकच माणूस धरलायस तू. माझ्याकडे अकरा जण आहेत. ते मला फोन करतात, हे हवं, ते हवं. मी फाइली घेते, मेमरी कार्डात भरते, कार्ड पाठवते. ते त्यांच्या मोठ्या बटणांच्या यंत्रात घालून ऐकतात. ॲपमध्ये साठवलेलं ॲपमध्येच राहतं, ते कार्डात जात नाही. आता सांग, साठवणीची सोय चांगली आहे का? चांगलीच आहे की. माझ्या लोकांना तिचा काडीचा उपयोग आहे का? नाही. मग मी सहमत म्हणू की असहमत?’

मी विचारलं, ‘ताई, चर्चेत बोलला का नाहीत?’

‘बोलले होते की.’

शोधलं. सहाव्या दिवशी, संध्याकाळी, तीन शब्द: ‘पण कार्डवाल्यांचं काय?’ त्या वेळी सर्व्हरवरच्या जागेचा वाद रंगला होता. पुढच्या दहा मिनिटांत 17 मेसेज पडले. एकाने ताईंना उत्तरही दिलं होतं, ‘कार्डांचा खर्च आपल्याकडे नसतो, ताई.’ ‘कार्ड’ हा शब्द बघून त्याने जागेबद्दलचा मुद्दा समजला. भाषिक मॉडेलनेही तेच केलं होतं. हा मेसेज साठवणुकीच्या गर्दीत अगदी मध्ये, शेजाऱ्यांनी वेढलेला. शब्द ओळखीचे, विचार अनोळखी.

मला पहिल्यांदा आठवला तो मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश. 1950 च्या दशकातल्या त्याच्या रेघांच्या प्रयोगात (सारख्या लांबीची रेघ ओळखायची), सगळे जण धडधडीत चुकीचं उत्तर देत असताना साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्या मागून गेला, आणि एक जरी साथीदार खरं बोलला तरी हे प्रमाण झपाट्याने उतरलं. म्हणजे ताई बहुमताच्या दबावाखाली गप्प बसल्या असणार. पण ते इथे लागू पडत नाही. त्या घाबरल्या नव्हत्या, त्या बोलल्या होत्या. ऐकलं आम्ही नव्हतं. जास्त जवळचं उदाहरण स्टॅसर आणि टायटस यांचं, 1985 चं. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली माहिती गटात पुन्हापुन्हा बोलली जाते आणि एकट्यादुकट्याकडे असलेली माहिती मागे पडते, मग निर्णयासाठी तीच मोलाची असली तरी. इंटरनेट नसणारा श्रोता सगळ्यांना माहीत होता. कार्ड भरून देणारी ताई फक्त ताईंना माहीत होती.

पुढचा प्रश्न हा मुद्दा गटात कसा आणायचा हा होता. ताईंचं नाव घेतलं तर ‘त्यांच्या अकरा जणांसाठी’ असा वैयक्तिक रंग चढला असता. नाव न घेता पंचविसावं विधान घातलं: ‘पुस्तक ऐकणारी आणि उतरवून घेणारी व्यक्ती वेगळी असेल, तर ॲपमधली साठवण पुरेशी नाही.’ 33 जणांनी मत दिलं, 26 सहमत, आणि ते दोन्ही तटांतले. याच्यावर कुणाचं आधीपासून मत होतं असं नाही. विधान समोर येईपर्यंत कुणी त्याचा विचारच केला नव्हता.

मग सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. एका बैठकीत वीसहून जास्त पुस्तकं उतरवणारी नऊ खाती होती. ती मला माहीत होती, कारण त्यांच्यासाठी मीच एक तक्ता करून ठेवला होता. त्याचं शीर्षक ‘संशयित गैरवापर’. त्यावर मर्यादा घालायचा वेगळा प्रस्ताव रांगेत उभा होता. नऊ जणांना साधं विचारलं, एवढी पुस्तकं कशासाठी लागतात? सहा जणांनी उत्तर दिलं. त्यातले पाच जण इतरांची कार्डं भरत होते.

फाइल चालू ठेवायचं ठरलं. दुप्पट कामाचं दुखणं वेगळ्या वाटेने सोडवलं. खुणा एकदाच, डेझीत घालायच्या आणि ॲपचा साचा त्यावरून आपोआप तयार करायचा. हे जुळवायला दोन महिने गेले आणि त्या काळात नवीन पुस्तकं जवळजवळ थांबली. मूळ प्रस्ताव मांडणारे दादा चिडले. त्यांचं वाक्य होतं, ‘तीन शब्दांच्या मेसेजसाठी दोन महिने.’ मी त्यांना खोडून काढलं नाही. त्या दोन महिन्यांत ज्यांना पुस्तक मिळालं नाही, त्यांची कुठल्याही तक्त्यात ओळ नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक मतदानात दुसरा एक तक्ता करतो. मत काय दिलं ते सोडून फक्त दिलं की नाही एवढंच त्यात असतं, आणि गळती कुठे साचते ते बघतो. पहिल्याच वेळी लांबलचक करडा पट्टा दिसला आणि मी हुरळलो. तो शेवटच्या पाच विधानांवर होता आणि निम्म्या लोकांच्या ओळींत होता. लोक थकले होते, बस. आता विधानं प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दाखवतो. शिवाय प्रत्येक विधानाखाली चौथं बटण आहे: ‘प्रश्नच नीट नाही’. ते फार कमी दाबलं जातं. दाबलं गेलं की मी बाकी काम बाजूला ठेवून आधी ते विधान वाचतो.

चारही बटणांना आता नावं आहेत. 22 क्रमांकाने तेव्हा पुन्हा मत दिलं, आणि त्यांचा ठिपका कडेवरून सरकून डावीकडच्या पुंजक्यात, गर्दीच्या मध्यभागी जाऊन बसला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे मी साधाच माणूस निघालो की रे!’ आवाजात थोडी निराशा होती.